एरंडेल ते डाळिंब: आतडे ओळखते प्रत्येक तेल

तेलाच्या कोणत्याही डब्यावरचा तक्ता पाहा. शेंगदाण्याचे असो, खोबऱ्याचे असो की सरकीचे, १०० ग्रॅममागे साधारण ९०० कॅलरी हा आकडा ठरलेला. आपल्या लहान आतड्यातल्या पेशी मात्र एवढ्या आकड्यावर भागवत नाहीत. आत येणारी साखळी किती लांब आहे, तिला फाटा फुटला आहे का, दुहेरी बंध कुठे आहे, हे सगळे या पेशींच्या कामात मोजले जाते आणि त्यावरून त्या तेलाचे पुढे काय होणार ते ठरते.

थोडी उजळणी. फॅटी ॲसिड म्हणजे मेदाम्ल, कार्बन अणूंची एक साखळी. ग्लिसरॉलला अशा तीन साखळ्या जोडल्या की ट्रायग्लिसराइड तयार होते. आपले तेल आणि तूप बहुतांशी हेच असते. रोजच्या जेवणात १६ आणि १८ कार्बनच्या साखळ्यांचा भरणा असतो. पण कारल्याच्या बीत, धण्यात, सरकीत, मोहरीत, एरंडात वेगळ्याच घडणीची मेदाम्ले दडलेली असतात. त्यांचे आतड्यात काय होते? वाचा आणि थक्क व्हा!

१. आधी तोडा, मग पुन्हा जोडा

तेलाचा अख्खा रेणू पेशीत शिरत नाही. स्वादुपिंडातून आलेले लायपेज हे विकर त्याच्या कडेच्या दोन साखळ्या कापते आणि मधली साखळी ग्लिसरॉललाच चिकटून राहते. पित्तातले क्षार हे तुकडे पाण्यात सामावून घेतात आणि पेशीच्या दारापर्यंत नेतात. गंमत पुढे आहे. आत गेल्यावर पेशी तेच तुकडे जोडून पुन्हा ट्रायग्लिसराइड बनवते, त्यावर प्रथिने आणि फॉस्फोलिपिडचे आवरण चढवते आणि कायलोमायक्रॉन नावाचे बारीक थेंब बाहेर सोडते. एवढा खटाटोप करणाऱ्या या पेशीचे आयुष्य अवघे तीन ते पाच दिवसांचे! तरीही निरोगी माणसाच्या पोटात गेलेल्या स्निग्धांशापैकी ९५ टक्क्यांच्या आसपास भाग शोषला जातो.

२. टेनिस कोर्ट नव्हे, अर्धे बॅडमिंटन कोर्ट

आतड्याचे अस्तर पसरले तर टेनिस कोर्ट भरेल, असे वर्षानुवर्षे शिकवले गेले. २०१४ मध्ये स्वीडनच्या दोन संशोधकांनी नव्याने मोजमाप केले तेव्हा संपूर्ण पचनमार्गाचे अस्तर सुमारे ३२ चौरस मीटर भरले. म्हणजे अर्ध्या बॅडमिंटन कोर्टाएवढे. यातला बहुतेक भाग लहान आतड्याचाच.

३. मिलानमधल्या पांढऱ्या रेषा

हे स्निग्ध थेंब पेशीतून जातात कुठे? याचा पहिला धागा १६२२ च्या जुलैमध्ये मिलान शहरात गास्पारे आसेल्ली या शल्यवैद्याच्या हाती लागला. नुकत्याच भरपेट जेवलेल्या कुत्र्याचे पोट उघडले असता आतड्याच्या पडद्यावर त्याला पांढऱ्या तंतूंचे जाळे दिसले. आधी ते मज्जातंतू वाटले. त्यातला एक कापला तर आतून दुधासारखा द्रव वाहू लागला. त्या होत्या लसिकावाहिन्या, स्निग्धांशाने भरलेल्या. आज आपल्याला माहीत आहे की हे थेंब यकृताला वळसा घालून छातीतल्या मोठ्या लसिकावाहिनीतून थेट मानेच्या डाव्या तळाशी रक्तात मिसळतात. तुपकट जेवणानंतर काही तासांनी घेतलेल्या रक्ताचा द्रव दुधाळ दिसतो तो यामुळेच.

४. दहा कार्बनवाले दुसऱ्या मार्गाने

सगळीच मेदाम्ले लसिकेतून जात नाहीत. मनमाड जंक्शनवर गाड्यांच्या वाटा फुटतात तशा आतड्याच्या पेशीत मेदाम्लांच्या वाटा फुटतात. १९५१ मध्ये अमेरिकेत ब्लूम, चायकॉफ आणि राइनहार्ट यांनी उंदरांवर प्रयोग करून दाखवले की, साखळीच्या लांबीवर मार्ग ठरतो. ८ आणि १० कार्बनच्या मध्यम साखळ्या पुन्हा जोडल्या जात नाहीत. त्या थेट यकृताकडे जाणाऱ्या रक्तात उतरतात आणि तिथे झपाट्याने इंधन म्हणून वापरल्या जातात. म्हणूनच ज्या रुग्णांना नेहमीचे तेल-तूप पचत नाही, त्यांना डॉक्टर ‘एमसीटी’, म्हणजे मध्यम साखळ्यांचे तेल देतात.

मग कोकण-गोव्यातले खोबरेल म्हणजे एमसीटी तेलच का? नाही! खोबरेलाचा जवळजवळ निम्मा भाग १२ कार्बनच्या लॉरिक आम्लाचा असतो आणि त्यातले बहुतेक लसिकेच्याच वाटेने जाते. ८ आणि १० कार्बनच्या साखळ्यांचा वाटा खोबरेलात खूपच कमी. एमसीटीवरच्या अभ्यासांचे निष्कर्ष खोबरेलाच्या नावावर खपवणारी जाहिरात दिसली तर हा फरक आठवा.

५. तुपातले चार कार्बन आणि भाकरीतले तंतू

गाई-म्हशीच्या तुपात वजनाने तीन-चार टक्के ब्युटिरिक आम्ल असते, फक्त ४ कार्बनचे. त्याची जागा ग्लिसरॉलच्या एका टोकाला. जठरातले लायपेज नेमके तेच टोक आधी कापते, त्यामुळे ते वरच्या वरच सुटते आणि शोषले जाते.

हेच ब्युटिरिक आम्ल मोठ्या आतड्याच्या पेशींचे लाडके अन्न आहे. तिथल्या पेशी आपली सुमारे ७० टक्के ऊर्जा त्यातून मिळवतात. पण तिथवर तुपातले ब्युटिरिक आम्ल, म्हणजेच ब्युटिरेट, पोहोचतच नाही. ते तिथेच तयार व्हावे लागते आणि तयार करतात जिवाणू, न पचलेल्या तंतूंपासून. म्हणजे मोठ्या आतड्याला ब्युटिरेट द्यायचे तर ज्वारीची भाकरी, डाळी, उसळी आणि शेंगभाज्या खा. त्यावर तूप जरूर घ्या, पण चवीसाठी.

६. बाळासाठी मधली जागा राखीव

आईच्या दुधातल्या स्निग्धांशात साधारण पाव हिस्सा पामिटिक आम्लाचा. हे आम्ल मोकळे झाले की कॅल्शियमशी जोडी जमवून साबणासारखे घट्ट संयुग बनवते. मग ना ते शोषले जाते, ना कॅल्शियम. आईच्या दुधात यावर सुंदर तोड आहे. सुमारे ७० टक्के पामिटिक आम्ल ग्लिसरॉलच्या मधल्या जागी बसलेले असते. लायपेज कडेच्या साखळ्या कापते, मधली तशीच राहते आणि बाळाची आतडी ती सहज आत घेतात. बहुतेक वनस्पती तेलांत पामिटिक आम्ल कडेला असते. म्हणून काही बाळदुधांच्या पावडरीत आता मुद्दाम मधल्या जागी पामिटिक असलेले तेल घालतात.

७. कारल्याच्या बीची किमया

आता खरी नवलाई! पिकलेल्या कारल्याच्या बियांतल्या तेलात निम्म्याच्या आसपास वाटा अल्फा-इलिओस्टिअरिक आम्लाचा असतो. १८ कार्बन, तीन दुहेरी बंध आणि तिन्ही एकमेकांना खेटून. नेहमीच्या लिनोलेनिक आम्लात तीन बंध असतात, पण दोन बंधांमध्ये थोडी जागा सुटलेली असते.

जपानी संशोधकांनी २००६ मध्ये उंदरांना हे आम्ल देऊन त्यांच्या लसिकेतले स्निग्ध पदार्थ तपासले. दोन गोष्टी आढळल्या. एक, हे आम्ल आतड्यातून सावकाश शोषले जाते. दोन, लसिकेत येईपर्यंतच त्यातला बराच भाग बदललेला असतो. तीन बंधांपैकी एक बुजवला जातो आणि तयार होते सीएलए, म्हणजे संयुग्मित लिनोलिक आम्ल. दूध आणि गाई-मेंढ्यांच्या मांसात आढळणारे हे मेदाम्ल जनावराच्या पोटातल्या जिवाणूंच्या मदतीने बनते. म्हणजे कारल्याच्या बीत जे नव्हते, ते आतड्याच्या पेशीने वाटेतच घडवले! या पेशी फक्त शोषतात असे समजणाऱ्या प्रत्येकाने हा प्रयोग लक्षात ठेवावा.

८. डाळिंबाचीही तीच कथा

सोलापूर-सांगोल्याकडच्या डाळिंबाचे दाणे आपण चावून खातो तेव्हा आतली कडक बी दाताखाली येते. तिच्या तेलाचा मोठा भाग प्युनिसिक आम्लाचा असतो. तेही १८ कार्बनचे, तीन शेजारी बंधांचे. फक्त बंधांची वळणे वेगळी. २००९ मध्ये निरोगी तरुणांना प्युनिसिक आम्ल असलेल्या बिया खायला दिल्या गेल्या. त्या बिया पडवळाच्या कुळातल्या एका वेलीच्या होत्या. नंतर तरुणांच्या रक्तात प्युनिसिक आम्ल तर सापडलेच, शिवाय सीएलएचे प्रमाणही वाढलेले दिसले. उंदरांत दिसलेली किमया माणसांतही घडते, याचा हा पुरावा.

लक्षात ठेवण्यासारखे आणखी एक: बी अख्खी गिळली तर तेल तिच्या कवचातच राहते. चावणे महत्त्वाचे!

९. एरंडेल काम कसे करते?

आजीने चहातून दिलेले एरंडेल ज्यांनी प्यायले आहे, त्यांना परिणाम सांगायला नको. कारण मात्र २०१२ मध्ये नीट उलगडले. एरंडेलाचा ८५ ते ९० टक्के भाग रिसिनोलिक आम्लाचा असतो. १८ कार्बनच्या साखळीवर बाराव्या कार्बनला एक हायड्रॉक्सिल गट चिकटलेला, हेच त्याचे वेगळेपण. लायपेजने ते मोकळे केले की ते आतड्याच्या स्नायूपेशींवरच्या ‘ईपी३’ नावाच्या ग्राहीला जाऊन बसते आणि स्नायू आकुंचन पावू लागतात. जर्मनीतल्या संशोधकांनी हा ग्राही नसलेल्या उंदरांना एरंडेल दिले, तर रेचक परिणाम झालाच नाही. इतका थेट पुरावा क्वचितच मिळतो.

जे थोडे रिसिनोलिक आम्ल शोषले जाते ते शरीर आखूड करत जाते आणि त्याचे अवशेष लघवीवाटे बाहेर पडतात. हाच ईपी३ ग्राही गर्भाशयावरही असतो. म्हणून गरोदरपणात एरंडेल स्वतःच्या मनाने कधीही घेऊ नये. एरंडाची बी तर विषारी असते, तिला तोंड लावायचेच नाही.

१०. तेल न पचले की आतड्यातच ‘एरंडेल’

स्वादुपिंडाच्या आजारात तेल नीट शोषले जात नाही आणि ते मोठ्या आतड्यात उतरते. तिथले जिवाणू ओलिक आम्लाला पाण्याचा रेणू जोडतात आणि हायड्रॉक्सी-स्टिअरिक आम्ल बनवतात. त्याची घडण रिसिनोलिक आम्लाच्या बरीच जवळची. अशा रुग्णांच्या जुलाबांमागे या आम्लाचाही हात असतो.

पण जिवाणूंची हीच कला उपयोगीही ठरू शकते. क्योतो विद्यापीठातल्या गटाने २०१३ मध्ये दाखवले की, आतड्यातले लॅक्टोबॅसिलस जिवाणू लिनोलिक आम्लापासून टप्प्याटप्प्याने नवी हायड्रॉक्सी आम्ले बनवतात. त्यातले एक आतड्याच्या अस्तराची फट बुजवायला मदत करते असे प्रयोगांत दिसले आहे.

११. मसाल्याच्या डब्यातले सहावे घर

धणे, जिरे, बडीशेप, ओवा. या सगळ्यांच्या बियांत पेट्रोसेलिनिक आम्ल भरपूर. ओलिक आम्लासारखेच १८ कार्बनचे आणि एका दुहेरी बंधाचे. फरक इतकाच की ओलिकमध्ये बंध नवव्या कार्बनवर असतो, इथे सहाव्या. तीन घरांचा हा फरक शरीराला चांगला कळतो. धण्यांचे तेल खाऊ घातलेल्या उंदरांच्या ऊतींत ॲराकिडोनिक आम्ल घटले. हे आम्ल सूज निर्माण करणाऱ्या रसायनांचा कच्चा माल आहे. युरोपीय संघाने २०१४ मध्ये धण्यांचे तेल नवे खाद्य म्हणून मंजूर केले. फोडणीतल्या चिमूटभर जिऱ्यातून मात्र औषधी मात्रा मिळत नाही.

१२. गुलाबी पांढऱ्याचे रहस्य

अंड्याचा पांढरा भाग गुलाबी झाला तर? कोंबड्यांना कच्च्या सरकीचे खाद्य दिले आणि अंडी साठवून ठेवली की असे घडते. दोषी आहेत सरकीतली स्टर्क्युलिक आणि माल्व्हॅलिक आम्ले. त्यांच्या साखळीत तीन कार्बनचे एक छोटे त्रिकोणी कडे असते. हे कडे एका महत्त्वाच्या विकराला अडवते: स्टिअरिक आम्लात दुहेरी बंध घालून ओलिक बनवणारे डिसॅच्युरेज. मग अंड्याच्या बलकाभोवतीचा पडदा झिरपू लागतो, लोह पांढऱ्या भागात उतरते, तिथल्या प्रथिनाला चिकटते आणि रंग चढतो.

विदर्भ-खानदेशात कापूस आणि सरकी म्हणजे घरचाच विषय. खाण्याच्या सरकी तेलात ही आम्ले शुद्धीकरणात बरीच कमी होतात. स्टर्क्युलिक आम्लाचा खरा साठा आहे जंगली बदामाच्या बियांत. त्यांच्या तेलाचा निम्म्याहून अधिक भाग तेच. फुलांच्या उग्र वासामुळे पुणे-मुंबईकरांना हे झाड दुरूनच ओळखू येते. प्रयोगशाळेत हेच आम्ल आज डिसॅच्युरेज रोखण्याचे साधन म्हणून वापरले जाते.

१३. मोहरीतले २२, चारच कमी केले की ओलिक

पारंपरिक मोहरीच्या तेलात ४० ते ५० टक्के इरुसिक आम्ल असते, २२ कार्बनचे. ते खाल्लेल्या उंदरांच्या हृदयात चरबी साठलेली आढळली. त्या चिंतेतून कॅनडात इरुसिक जवळजवळ नसलेले वाण घडवले गेले, तेच कॅनोला. शरीराकडे मात्र स्वतःचा उपाय आहे. पेशींतली पेरॉक्सिझोम नावाची अंगके ही लांब साखळी दोन-दोन कार्बनने आखूड करतात. २२ चे २०, २० चे १८. आणि १८ वर आल्यावर उरते तेच ओळखीचे ओलिक आम्ल!

१४. फाट्यावर अडलेली साखळी

हिरव्या पानांतल्या क्लोरोफिलला फायटॉलची शेपटी असते. माणसाच्या आतड्याला ती सोडवता येत नाही. गाईच्या पोटातल्या जिवाणूंना येते. तिथे फायटॉलपासून फायटॅनिक आम्ल बनते आणि दूध, लोणी, मांस यांतून आपल्याकडे पोहोचते. आतडे ते बिनतक्रार शोषते. अडचण नंतरची आहे. साखळीच्या तिसऱ्या कार्बनवर एक मिथाइल फाटा असल्याने नेहमीची विघटनक्रिया सुरूच होत नाही. आधी पेरॉक्सिझोममध्ये टोकाचा एक कार्बन काढावा लागतो.

ज्यांच्यात जन्मतः हा कार्बन काढणारे विकर काम करत नाही, त्यांच्या शरीरात फायटॅनिक आम्ल साठत जाते. रातांधळेपणा येतो, वासाची जाण जाते, नसा दुबळ्या होतात, तोल जातो. नॉर्वेचे सिगवाल्ड रेफसुम यांनी १९४० च्या दशकात या आजाराचे वर्णन केले आणि १९६३ मध्ये क्लेंक आणि काल्के या जर्मन संशोधकांनी साठणारे आम्ल ओळखले. उपचारात आहार मुख्य: दुधाचा स्निग्धांश, गाई-मेंढीचे मांस आणि काही मासे वर्ज्य. पालेभाज्यांतला फायटॉल मात्र क्लोरोफिललाच बांधलेला राहतो. इतक्या साध्या पथ्याने एक गंभीर आजार आटोक्यात राहतो, हे वैद्यकाचे मोठे यश आहे.

१५. झटपट पाच

• बांगडा-तारली: यांतल्या डीएचए आणि ईपीए या ओमेगा-३ आम्लांत पहिला दुहेरी बंध ग्लिसरॉलला जोडलेल्या टोकाजवळ असतो, त्यामुळे नेहमीच्या लायपेजला ती कापणे जड जाते. दुसरे एक विकर मदतीला येते. ओमेगा-३ च्या अनेक कॅप्सूल इथाइल एस्टर रूपात असतात. त्या उपाशीपोटी नव्हे, जेवणासोबत घेतल्यास बऱ्याच अधिक शोषल्या जातात.

• विषम साखळ्या: दुधात १५ आणि १७ कार्बनची मेदाम्लेही असतात. दोन-दोन कार्बन कापत गेले की शेवटी तीनांचा तुकडा उरतो. तो वापरात आणायला बी-१२ जीवनसत्त्व लागते.

• ट्रान्स फॅट: वनस्पती तुपातली ही मेदाम्ले आतड्याची पेशी ओलिक आम्लाइतक्याच सहजपणे आत घेते. शरीर दारात अडवत नाही म्हणून कायद्याने अडवावे लागले. भारतात १ जानेवारी २०२२ पासून तेल-तुपातल्या ट्रान्स फॅटची मर्यादा २ टक्के आहे.

• मेणाचे मासे: ऑइलफिश आणि एस्कोलार या माशांत ट्रायग्लिसराइडऐवजी मेणासारखे एस्टर भरलेले असतात. आपले लायपेज ते तोडू शकत नाही. मग तेल जसेच्या तसे बाहेर पडते! जपानमध्ये त्यांच्या विक्रीला बंदी आहे.

• सकाळचे तूप दुपारी: पेशी सगळा स्निग्धांश एकदम सोडत नाही, थोडा आत राखून ठेवते. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी २००३ मध्ये दाखवले की, तुपकट जेवणानंतर पाच तासांनी नुसते ग्लुकोजचे पाणी प्यायले तरी आधीच्या जेवणातला स्निग्धांश रक्तात येऊ लागतो.

१६. बशीत वाढलेले आतडे

पेशी मेदाम्लाचे काय करते, हे पाहायचे कसे? जगभरच्या प्रयोगशाळांत त्यासाठी ‘काको-२’ पेशी वापरतात. १९७० च्या दशकात ७२ वर्षांच्या एका पुरुषाच्या मोठ्या आतड्यातल्या कर्करोगाच्या गाठीतून त्या मिळवल्या गेल्या. बारीक छिद्रांच्या पडद्यावर तीन आठवडे वाढवल्या की त्या लहान आतड्याच्या पेशींसारख्या वागू लागतात. वरून मेदाम्ल घालायचे आणि खालून काय बाहेर येते ते मोजायचे. कोणते शोषले गेले, कोणते बदलले, कोणते आत अडकले, सगळे कळते. त्या अनाम माणसाच्या पेशींवर आजवर हजारो अभ्यास झाले आहेत.

दावा दिसला? तीन प्रश्न विचारा

अनोख्या तेलांची बाजारपेठ वाढते आहे. डाळिंबाच्या बीचे तेल, सीएलएच्या गोळ्या, एमसीटी, नवनवी नावे रोज दिसतात. विकत घेण्याआधी तीन प्रश्न विचारा.

कोणावर पाहिले? उंदराच्या आतड्यात जे घडले ते माणसात तसेच घडेल असे नाही. मोहरीच्या तेलाने उंदरांच्या हृदयाचे जे केले, ते माणसांना जसेच्या तसे लावता येत नाही.

किती? धण्यांच्या तेलाचा चमचा आणि आमटीतले चिमूटभर धणे यांत मोठे अंतर आहे.

कोणत्या रूपात? तेच मेदाम्ल ग्लिसरॉलच्या मधल्या जागी असेल, कडेला असेल किंवा कॅप्सूलमध्ये इथाइल एस्टर असेल, तर शोषण बदलते.

विक्रेत्याकडे या तिन्हींची उत्तरे असतील तर पुढचे बोलणे करा. नसतील तर ते पैसे ज्वारी, डाळी, ताज्या बांगड्यावर आणि डाळिंबावर खर्च करा. यांतल्या मेदाम्लांचे आणि तंतूंचे काय करायचे ते तुमच्या आतड्याला पक्के ठाऊक आहे.